काळ्या शाईखालचे नाव

जुना कागद वाचण्यापूर्वी बाई तो हुंगत असत. कुजका, गोडसर, किंचित धुरकट वास छातीत भरून घेतल्याशिवाय निजामकाळातल्या उर्दू-मोडी ओळींवर त्यांचे बोट फिरत नसे. मग ते थांबे. ‘अमक्याची बायको.’ ‘तमक्याची विधवा.’ बाई कागदावर टिचकी मारीत. “हिला नाव नव्हतं का?”

परभणीच्या कॉलेजात मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे मदतनीस. एखाद्या स्त्रीचे नाव सापडले की बाई ते मोठ्याने उच्चारत, आणि डांबरगोळ्यांच्या वासाच्या दप्तरखान्यात कुणी आत आल्यासारखे वाटे.

पिंगळी गावच्या आजी मात्र कागदात नव्हत्या, जिवंत होत्या. कोवळ्या वयात जहागीरदाराने त्यांना गढीवर नेऊन ठेवले होते. तूर पाखडताना, सुपाचा ताल न चुकवता, त्यांनी ते सारे सांगितले. शेवटी सूप थांबले. “लिवा समदं. पर नाव नका घालू माय. लेकरं हायेत माझी.”

बाई हो म्हणाल्या.

बाईंच्या पुस्तकाच्या प्रुफांत आजींचे नाव होते, गावासकट. मी बोट ठेवले. “पुन्हा बिननावाची करू तिला? माझ्या हातानं?” बाई कडाडल्या. मी बोट उचलले.

पुस्तक निघाले आणि आजींच्या नातीची ठरलेली सोयरीक मोडली. लेकांनी आजींचे अंथरूण गोठ्यात नेऊन टाकले. आम्ही गेलो तेव्हा शेणाच्या, ओल्या कडब्याच्या वासात त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

“लय चांगलं लिवलंय म्हणायलेत,” त्या म्हणाल्या. “समदं गाव वाचायलंय.” आणि जरा वेळाने, “जा आता माय तुमी.”

त्या गोठ्यातच आजी गेल्या. बाईंनी मिळतील तेवढ्या प्रती परत आणल्या आणि प्रत्येकीतले ते नाव काळ्या शाईने झाकले. त्यानंतर त्यांनी काही लिहिले नाही. कागद हुंगणेही सुटले. अखेरच्या दिवसांत माझा हात धरून एवढेच म्हणाल्या, “गावाबाहेर ते नाव आता तुला एकटीलाच ठाऊक राहील. विसरता येतंय का बघ.”

मला आलेले नाही.

परवा एक तरुण संशोधिका घरी आली. पुस्तकाचे ते पान उजेडाकडे धरून शाईआडची अक्षरे शोधू लागली. “मॅडम, हिला नाव नव्हतं का?” प्रश्न बाईंचाच, आवाजातली धगही त्यांचीच.

मी पुस्तक तिच्या हातातून हळूच काढून घेतले. नाव जिभेवर आले होते.

“होतं,” मी म्हणाले. “नका सांगू म्हणाली होती.”