खिचडीवरचं ई जीवनसत्त्व

"ह्या म्हाताऱ्या माणसाला घरी काय खाऊ घालता हो तुम्ही?" धुळ्याचे दातांचे डॉक्टर आमच्यावर ओरडत होते. त्यांच्या दोन्ही हातांत रक्ताने भिजलेले बोळे होते. "दाढ काढून दीड तास झाला. हे तोंड आहे की गल्लीतला फुटका नळ?"

आमचे आबा खुर्चीत बोळा चावून शांत बसले होते. रक्त जणू शेजाऱ्याचं होतं. त्या दिवशी इतका कापूस खपला की पुढच्या हंगामात खान्देशात कापसाचा भाव चढला तो त्यामुळेच, असं माझं मत आहे आणि ते मी आजतागायत बदललेलं नाही.

दाढ काढायची हौस कुणालाच नव्हती. आबांना हर्निया होता. जांघेतली लिंबाएवढी गाठ वर्षभरात पेरूएवढी झाली होती. बैलगाडीत बसवेना, खोकला आला की ते दोन्ही हातांनी ती दाबून धरायचे. एक दिवस आतडं त्यात अडकलं तर नरडाण्याजवळच्या आमच्या खेड्यातून धुळ्याला पोहोचेपर्यंत कठीण होईल, असं सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं. तरी आबांचा होकार मिळवायला मला आणि धुळ्यात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, इतकी वर्षं लागली की तेवढ्यात माणसं चंद्रावर जाऊन तिथे बाजरी पिकवून परत आली असती. शेवटी होकार आला. सर्जन म्हणाले, आधी ती सडकी दाढ काढा, आठवड्याने ऑपरेशन करू.

आणि आता हे दातांचे डॉक्टर म्हणत होते, "मी सर्जनना चिठ्ठी लिहितो. कारण सापडल्याशिवाय ह्यांना कुणी चाकू लावायचा नाही. एका दाढेला हे, तर तिथे काय होईल? आबा, पुन्हा विचारतो, गोळ्या कोणत्या घेता?"

आबांनी बोळा गालात सरकवला. "सकायले एक, छातीनी. ती सांगेल शे."

"ती एवढीशी गोळी. तिच्या एकटीने इतकं होत नाही. दुसरं काय?"

"दुसरं काहीच नही."

"आठवून सांगा."

"डॉक्टर, मी देवना माणूस शे. खोटं कसाले बोलू?"

दोन टाके घालून रक्त एकदाचं थांबलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली ती लिहिलीच. ऑपरेशन पुढे ढकललं. मी जळगावच्या शाळेतून मोठ्या मिनतवारीने मिळवलेली रजा डोळ्यांदेखत वाया चालली होती, आणि अक्का रिक्षात माझ्याकडे अशी बघत होती, जणू ते रक्त मीच पंपाने उपसलं होतं.

अक्काच्या घरी आलो तशी तिने खिचडी टाकली. दाढ काढलेल्या माणसाला दुसरं काय देणार, आणि तसंही आमच्याकडे संध्याकाळ म्हणजे तुरीच्या डाळीची खिचडी आणि वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. तेलाशिवाय खिचडी वाढली तर आमचा माणूस ताटावरून उठतो आणि तीन पिढ्या त्या घरी पाणी पीत नाही. आबांनी निवलेल्या खिचडीत बोटाने खळगा केला. अक्काने तेल ओतलं. मग आबांनी बंडीच्या खिशातून एक पाकीट आणि एक बाभळीचा काटा काढला. पाकिटातून चार हिरव्या, पारदर्शक, गुबगुबीत कॅप्सूल ताटाच्या कडेला ठेवल्या, एकेकीला काट्याने टोचलं आणि लिंबू पिळावं तशा चारही त्या खळग्यात पिळल्या.

मी बघत राहिलो. ह्या कॅप्सूल मला माहीत होत्या. मीच आणायचो.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी आबांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. पहाटे गोळा आला की ते अशी हाक मारायचे की नरडाणा स्टेशनात उभी पॅसेंजर, गार्डने शिट्टी दिली असं समजून निघून जायची. तिथल्या डॉक्टरने ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल लिहून दिल्या, रोज एक, एक महिना. महिना संपला तरी मी जळगावहून पाकिटं आणतच राहिलो. कारण त्या काळात आमच्या शिक्षकांच्या खोलीत ह्या कॅप्सूलचं राज्य होतं. एक बाई ती चेहऱ्याला चोळायच्या, एक सर टकलाला चोळायचे, आणि मुख्याध्यापक स्मरणशक्तीसाठी खायचे, मग आज खाल्ली की नाही हे शिपायाला विचारायचे. मेडिकलवाला म्हणायचा, "साधं व्हिटॅमिन आहे सर. झाला तर फायदाच." मी पाचवी ते सातवीला सामान्य विज्ञान शिकवणारा. जीवनसत्त्वांचा तक्ता फळ्यावर दरवर्षी माझ्याच हाताने काढणारा. मीही मान डोलवायचो.

"आबा," मी म्हणालो, "मी तुम्हाला रोजची एक आणून देतो. ह्या चार कशा?"

अक्का पुढे झाली. "तू आणतोस? अरे, मी आणते. दोन वर्षं. पाकिटावर पाकिटं."

"मला का नाही सांगितलंस?"

"आबाच म्हणाले, भाऊला सांगू नको, त्याला वाटेल आपण कमी पडतो."

मला आबा म्हणाले होते, अक्काले सांगू नको, तिले वाईट वाटी.

आम्ही दोघं आबांकडे वळलो. आबा खिचडी कालवत होते. पाकिटं साठत गेली तशी त्यांनी मात्रा वाढवली होती. वाया कशी घालवणार?

"तासाभरापूर्वी डॉक्टरांनी दोनदा विचारलं," मी म्हणालो. "तुम्ही म्हणालात काहीच नाही."

"मंग? गोयी कोठे शे हाई? गोयी पानीसंगे गियतस. हाई तेल शे तेल. तू खिचडीवर तेल लेस ते डॉक्टरले सांगस का?"

"मास्तर आहेस ना तू," अक्का मला म्हणाली. "तुला एवढं कळू नये?"

"तू तर धुळ्यात राहतेस, डॉक्टरांच्या गल्लीत. तुला कळलं होतं का?"

अर्धा तास आम्ही भांडलो. तेवढ्यात आबांनी दुसऱ्यांदा खिचडी घेतली.

सकाळी मी पाकीट दातांच्या डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि कपाळाला हात लावला. ई जीवनसत्त्व शरीराला लागतं, ते म्हणाले, पेशींना सांभाळतं, पण लागतं ते थोडं. इतकं पोटात गेलं की रक्त गोठायला वेळ लावतं, आणि छातीची ती गोळीही तेच काम करते. दोन्ही एकत्र आली की हे असं. "आणि मास्तर, शेंगदाणा, तेल, गहू, पालेभाजी, सगळ्यांत ते असतंच. ज्या तेलात तुमचे वडील कॅप्सूल पिळतात, त्या तेलात ते आधीच आहे." मी खाली बघितलं. फळ्यावरच्या माझ्या तक्त्यात हेच लिहिलेलं असायचं, शेवटच्या ओळीत.

कॅप्सूल बंद केल्या. अक्काने आबांचे खिसे रोज तपासले, काटा चुलीत घातला. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं आणि सर्जनने ऑपरेशन केलं. मी बाहेर बाकावर बसून होतो. आतून कुणी धावत आलं नाही, कुणी जास्तीचा कापूस मागितला नाही. सर्जन हात पुसत आले आणि म्हणाले, "अगदी सरळ झालं," आणि मला एवढं बरं वाटलं की अक्काचे सगळे आरोप मी तिथल्या तिथे कबूल केले.

चौथ्या दिवशी आबा उशीला टेकून बसले होते. मी विचारलं, "पोटऱ्यांचं काय? गोळे येतात का?"

"येतस."

"म्हणजे कॅप्सूल बंद केल्यावर पुन्हा सुरू झाले?"

"बंद व्हयनाच नव्हतात."

मी अक्काकडे बघितलं. अक्का भिंतीकडे बघत होती.

"मग दोन वर्षं त्या खात कशाला होता, आबा?"

"तुम्ही पाकिटं लिसन येतस म्हनीसन," आबा म्हणाले.