कन्हारचा नमुना

सुजाता रामटेके चिडली की तिचा आवाज चढत नसे, खाली जात असे. हथखोजच्या एका खाजगी माती तपासणी लॅबमध्ये तिने एकोणीस वर्षं काढली. वडील आनंदराव गोंदियाकडून येऊन स्टील प्लांटमध्ये लागले, तेव्हापासून घर भिलाईतच.

गेल्या मे महिन्यात कुम्हारीजवळच्या एका शाळेतून मातीचे दोन नमुने आले. मैदानात भराव टाकून तो अडवायला भिंत बांधायची होती. एक नमुना रेतीचा, दुसरा कन्हारचा, म्हणजे इकडच्या काळ्या चिकट मातीचा. दोन भागांच्या पितळी डब्यात माती ठेवायची, वरून भार द्यायचा, खालचा भाग मोटरने सरकवायचा आणि माती मधोमध कापली जाताना किती जोर लागला ते टिपायचं. रेतीचं काम तासाभरात झालं. कन्हार मात्र उन्हाळ्यात दगडासारखी असते आणि पाणी प्याली की लोण्यासारखी. सुजाताने ती भाराखाली पाण्यात ठेवली आणि वर चिठ्ठी लावली, उद्यापर्यंत हात लावू नये.

जेवून आली तर डबा रिकामा. मॅनेजर सुशील देशकर याने नमुना काढून टाकला होता आणि कोरडाच तुकडा घालून चाचणी उरकली होती.

"कावून काढला सर?"

"ठेकेदाराले आजच रिपोर्ट पाहिजे, ताई. जमीन कोरडी हाये, कोरडीच टेस्ट केली. गलत काय त्यात?"

"जुलैमध्ये कोरडी राहीन का?"

"ते डिझाइनवाले पाहून घेतीन."

उरलेल्या नमुन्याचा एक तुकडा तिने पुन्हा भिजवला आणि दुसऱ्या दिवशी सावकाश कापला. जोर कोरड्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही भरला नाही. सुशीलने तो कागद न वाचताच ड्रॉवरमध्ये टाकला. रिपोर्ट छापून आला तेव्हा 'चाचणीकर्ता' यापुढे तिचं नाव होतं. तिने पेन इतकं दाबून नाव खोडलं की कागद फाटला.

"माह्या नावानं हे जानार नाई."

रिपोर्ट सुशीलच्या सहीने गेला. सुजाताला काँक्रीटचे ठोकळे फोडायच्या मशीनवर बसवलं. ती दात आवळून ठोकळे फोडत राहिली.

ऑगस्टमध्ये भिंत सरकून आडवी झाली. रविवार होता, शाळेत कोणी नव्हतं.

"यंदा पाऊसच जास्त झाला," सोमवारी लॅबमध्ये सुशील म्हणाला.

"म्हनूनच भिजवाची होती," ती म्हणाली, पण इतकं हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं. तिने पुन्हा सांगितलं नाही. बॅग उचलून ती थेट शाळेत गेली. मधल्या सुट्टीत पोरं पाणी पितात ते नळ ढिगाऱ्याखाली गेले होते.

दुसऱ्या दिवशी आपल्या वहीतली ओल्या मातीची रीडिंग आणि लेखी जबाब घेऊन ती बांधकाम खात्याच्या इंजिनिअरसमोर उभी राहिली. त्याने सगळं वाचलं.

"मे महिन्यात का नाही आणलं हे?"



लॅबचा रिपोर्ट रद्द झाला, नव्याने नमुने घेतले गेले. सुजाताची नोकरी गेली. आता ती एका कॉलेजच्या लॅबमध्ये कंत्राटावर आहे. सुशीलचं नाव निघालं की अजूनही तिच्या हातातला चहा थंड होतो.

"सोड ना तो राग, बाई," आनंदराव म्हणतात.

"मे महिन्यात लवकर सोडला, बाबा. तेच चुकलं."