एकोणपन्नास लिटर रंग

माझी थोरली बहीण घरं रंगवते.

"हिच्या डोक्यात गणित शिरतच नाही," असं आमचे वडील म्हणायचे, आणि तिच्या तोंडावर म्हणायचे. दहावीला ताई दोनदा बसली. दोन्ही वेळा बाकीचे विषय सुटले आणि गणिताने दगा दिला. तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या ऐवजी ती आमच्या रंगारी मामाबरोबर कामावर गेली. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. मला गणितात चांगले मार्क पडायचे, पुढे मी एका ऑफिसात हिशेबनीस झालो, आणि घरात हुशार कोण हा प्रश्न तिथेच निकालात निघाला.

मामाने पहिलं वर्षभर तिला नुसत्या भिंती घासायला लावल्या. मग भेगा-खड्डे बुजवायला लांबी भरणं, मग प्रायमर, मग रोलर. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. आता ताईच्या हाताखाली चार बायका काम करतात. खोलीत शिरली की ती चारी भिंतींवरून एकदा नजर फिरवते, छताकडे बघते आणि सांगून टाकते, "दोन हात द्यायचे तर बारा लिटर." मी एकदा टेप घेऊन तिचा अंदाज पडताळून पाहिला. अर्ध्या लिटरचाही फरक निघाला नाही. पण याला गणित म्हणतात हे ना तिच्या डोक्यात आलं, ना माझ्या.

मागच्या वर्षी एका शाळेची तीन मजली इमारत रंगवायचं काम निघालं. ताईला ते हवं होतं. पण कंत्राटदार म्हणून नाव नोंदवायच्या फॉर्मवर एक रकाना होता : किमान दहावी पास. तिने फॉर्म खिडकीतल्या कारकुनाला परत दिला आणि घरी आली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ती मोठ्या माणसांची रविवारची शाळा कुठे भरते रे?"

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ती पुन्हा बाकावर बसली. मी तिला सोडायला जायचो आणि घरी परतण्यापेक्षा तिथेच शेवटच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. वर्गात शिंपी होता, दोन ड्रायव्हर होते, इस्पितळातल्या आया होत्या. गणिताचे सर निवृत्त शिक्षक होते. आवाज करडा आणि खडूच्या बाबतीत कमालीचे कंजूष. ताई त्यांना इतकी घाबरायची की नाव पुकारलं की तिच्या हातातली पेन्सिल खाली पडायची.

एका रविवारी सरांनी फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिलं. एका घराला एकोणपन्नास लिटर रंग लागतो. दुकानात वीस लिटरचा डबा छत्तीसशेला, दहाचा एकोणीसशेला, चारचा आठशे ऐंशीला आणि एक लिटरचा अडीचशेला मिळतो. कमीत कमी खर्चात रंग कसा घ्याल?

मलाही राहवलं नाही. पेपरच्या कोऱ्या कडेला मी झटपट मांडलं. विसाचे दोन, चारचे दोन, एकाचा एक. बरोबर एकोणपन्नास. नऊ हजार दोनशे दहा. समोरच्या शिंप्याचंही तेच आलं. सरांनी मान डोलावली, "बरोबर. सगळ्यांचं हेच?"

सगळ्यांच्या माना हलल्या, माझीही. ताईने हात वर केला नाही. पण सरांनी तिची वही पाहिली.

"तुम्ही नऊ हजार शंभर लिहिलंय. कसं काय?"

"चुकलं असेल, सर."

"चुकलं की नाही ते मी बघतो. तुम्ही काय केलंत ते सांगा."

ताई उभी राहिली. पहिले दोन शब्द ती वहीकडे बघत पुटपुटली. मग रंगाबद्दल बोलायचंय हे बहुतेक तिच्या लक्षात आलं, आणि आवाज सुटला.

"विसाचे दोन घेतले, सर. राहिले नऊ लिटर. ते सुटे घेतले तर दोन हजार दहा पडतात. दहाचा अख्खा डबा एकोणीसशेला येतो. मग सुटे कशाला घ्यायचे?"

"पण बाई, मग पन्नास लिटर झाला. एक लिटर जास्त."

"जास्त झाला म्हणून काय बिघडलं? एकशे दहा वाचले. आणि तो लिटर वाया नाही जात, सर. सहा महिन्यांनी भिंतीला कुणी डाग पाडला की तोच लागतो. नवा डबा आणलात तर रंग तंतोतंत जुळत नाही, ठिगळ दिसतं."

वर्गात कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावरचं उदाहरण पुन्हा वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवत. 'लागतो' असं लिहिलं होतं. 'तेवढाच घ्यायचा' असं कुठेच नव्हतं. मग आपला कागद काढून त्यांनी उभ्या-उभ्या बेरजा केल्या. एकच विसाचा घेतला तर? पाच दहाचे घेतले तर? प्रत्येक जुळणी नऊ हजार शंभरच्या वरच गेली. मीही मागे बसून तेच करत होतो आणि माझे कान तापत होते.

सरांनी खडू खाली ठेवला.

"अकरा वर्षं मी हे उदाहरण शिकवतोय," ते म्हणाले, "आणि अकरा वर्षं चुकीचं उत्तर देतोय. लिटर बरोबर जुळले पाहिजेत, या नादात स्वस्त काय ते बघायचंच राहून गेलं." मग ताईकडे वळून म्हणाले, "इकडे या. हे सगळ्यांना फळ्यावर करून दाखवा. मीही उतरवून घेतो."

ते खरोखरच तिच्या बाकावर जाऊन बसले, तिचीच पेन्सिल घेऊन. ताईने भलंमोठं अक्षर काढलं, जवळजवळ पाटी रंगवावी तसं, आणि सरांचा जपून ठेवलेला खडू निम्मा संपवला. शिंप्याने विचारलं, "मग कापडाच्या ताग्यालाही असंच बघायचं का?" ती म्हणाली, "अठ्ठेचाळीस लिटर असते तर माझं उत्तर चुकलं असतं, भाऊ. दरवेळी मांडूनच बघायचं." मी घाईघाईने तेही करून पाहिलं. खरंच, अठ्ठेचाळीसला चारचे दोन डबेच स्वस्त पडत होते. हा हिशेब तिने कधी केला होता, देव जाणे.

परतताना मी म्हटलं, "ताई, माझंही चुकलं होतं."

"माहितेय," ती म्हणाली. "तुझी मान सगळ्यांबरोबर हलली ना."

त्यानंतर पेन्सिल पडली नाही असं नाही. पण पडली तर ती उचलून उत्तर द्यायची.

निकालाच्या दिवशी ती एका दवाखान्याच्या बाहेरच्या भिंतीवर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीला, बांबूच्या परांचीवर उभी होती. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून गेलो आणि खालून ओरडलो, "सुटलीस! सगळे विषय!"

"गणितात किती?"

"एकाहत्तर!"

"शंभरापैकी?"

"शंभरापैकीच, ताई!"

तिच्या चारही बायका हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहिल्या. मग वरून आवाज आला, जरा जाडसर झालेला :

"थांब तिथेच. रंग ओला आहे, मधे सोडला तर पट्टा दिसेल. एवढी भिंत पुरी करते, मग खाली येऊन रडते."

मी थांबलो. रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं, कसला आरडाओरडा आहे? मी वर बोट दाखवून म्हटलं, "ती माझी बहीण."