गरम भाकर, साब

धाकटा भाऊ हैदराबादच्या हॉटेलातली नोकरी सोडून गावी परतला. गावाजवळच, इचोड्याच्या पुढे, धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवं रिसॉर्ट झालं आहे. तिथल्या पर्यटकांना जीपमधून फिरवायचं आणि दुपारी गावातल्या एखाद्या घरी जेवायला न्यायचं, हे त्याचं काम. घर त्याने आमचंच निवडलं.

मी नागपूरला वर्तमानपत्राच्या डेस्कवर इतरांच्या बातम्या दुरुस्त करतो. एक दिवस गावी परत येईन, असं घरात मी म्हणत असे. भाऊ तसं कधी म्हणाला नव्हता. तो सरळ आला.

त्यानंतर आईचे फोन त्याच्यावरच सुरू होत आणि त्याच्यावरच संपत. त्याने तिला चष्मा करून आणला. त्याच्या सांगण्यावरून तिने ओसरी सारवली. पाहुण्यांनी तिच्या अंबाडीच्या भाजीचे फोटो काढले. मी ‘बरं’ म्हणायचो. फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारायचा, काय झालं. मला हेवा वाटत होता. त्याला दुसरा शब्द नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत मी ठरवलं की नोकरी सोडायची, गावी राहायचं आणि हे आईला समोर बसून सांगायचं. न कळवता निघालो.

भरदुपारी पोचलो तेव्हा ओसरीवर पंगत बसली होती. हैदराबादचं एक कुटुंब आणि त्यांचे मित्र. शेवटी एक ताट रिकामं होतं. भूक लागली होती. बूट काढले आणि तिथे बसलो.

आई भाकरीची टोपली घेऊन ओळीने येत होती. तिची नजर ताटांवर होती, माणसांवर नव्हती. माझ्यापाशी वाकून तिने विचारलं, “भाकर होना क्या, साब? गरम है.”

मी ताट पुढे केलं. तिने भाकर वाढली आणि पुढे गेली.

भाऊ पाणी देत होता. त्याने पाहिलं. “माय, साब नाही तो. दादा हाय.”

आई वळली. “काऊन रे, सांगून नाही यायचं? पँट-शर्ट पाहून मले वाटलं पाहुणाच हाय.”

“पाहुणाच हाय,” भाऊ म्हणाला. “फक्त याचं बिल नको करू.”

पंगत हसली. सगळ्यात जास्त आई हसली. माझ्या बोलण्यावर ती अशी हसलेली मला आठवत नाही.

रिसॉर्टचा ड्रायव्हर त्या लोकांना जीपमधून घेऊन गेला तेव्हा भाऊ मागे राहिला. त्याने आईला वाढलं. तिच्या ताटात त्याने ठेचा घातला नाही. तिला तो आता चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी बॅग मधल्या खोलीत ठेवायला गेलो. आत दोन पलंग होते. पांढऱ्या चादरी हॉटेलात असतात तशा ताणून बसवलेल्या.

“तिथं नको ठेवू, दादा,” तो मागून म्हणाला. “सांजच्याले नांदेडचे पाहुणे मुक्कामाले येऊन राह्यले. माह्या खोलीत ठेव. आन् येण्याआधी एक फोन करत जा. खोली राखून ठेवतो.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

मी आईसमोर जाऊन बसलो, ठरवल्याप्रमाणे. भाऊ बाजूला पंगतीच्या बसायच्या पट्ट्या गुंडाळत होता. त्याला उठून जायला सांगावं असं वाटलं, पण कारण सुचेना. आई हात धुऊन आली आणि तिनेच आधी विचारलं, “किती दिवसाची सुट्टी हाय?”

“परवा निघतो,” मी म्हणालो.

“मंग उद्याच्या पंगतीले हाय तू. वाढाले एक हात कमीच पडते.” तिने टोपली उचलली. “कसं वाढाचं, ते त्याले इचारून घे.”