पेटीचा पंचनामा

माझे सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. न सांगता दुकानात शिरायचं, काटा तपासायचा, किलोचं वजन उलटं करून बुडातलं शिसं कोरलंय का ते बघायचं आणि खोट सापडली तर तिथल्या तिथे दोन पंच बोलावून, पंचनामा करून वजन जप्त करायचं, अशी त्यांची नोकरी. पाच ग्रॅमसुद्धा कोणाला सोडले नाहीत, हे ते अजून छाती फुगवून सांगतात. आणि हाच माणूस निवृत्तीनंतर होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्यांवर जीव टाकून बसला. त्या गोळ्यांत औषध किती असतं, हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. मला या गोष्टीचं हसू यायचं आणि संतापही यायचा, बऱ्याचदा दोन्ही एकाच वेळी.

सासूबाई गेल्यावर बाबा पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला, वुडलँड्समध्ये राहायला आले. घरात मी आणि माझी अकरा वर्षांची लेक. नवरा जहाजावर इंजिनिअर, त्यामुळे तो बहुतेक वेळा फोनच्या पडद्यावरच भेटतो. बाबांच्या सामानात चार सदरे, एक स्वेटर (सिंगापुरात!) आणि गोळ्यांची लाकडी पेटी होती. आल्या दिवशी पेटीला जागा मिळाली स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात आणि माझा हिंग तिथून हद्दपार झाला, कारण उग्र वासानं औषधाचा गुण जातो म्हणे.

महिन्याभरात बाबांचा दवाखाना सुरू झाला. आमच्या इमारतीखाली व्हॉइड डेक आहे, म्हणजे खांबांवरचा मोकळा तळमजला. तिथल्या दगडी टेबलांभोवती सकाळी फिरून आलेली म्हातारी मंडळी बसतात. तिसऱ्या मजल्यावरच्या नाशिकच्या काकू, त्यांचे यजमान, आठव्या मजल्यावरचे एक चिनी अंकल, अशी आठ जणं. बाबा त्यांना फुकट गोळ्या द्यायचे. चिनी अंकल बाबांना ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि त्या शब्दासरशी बाबांची मान ताठ व्हायची. मुलाच्या घरी पाहुण्यासारखा दिवस ढकलणाऱ्या माणसाला ती ताठ मान किती हवी होती, हे मला दिसत होतं. म्हणून मी तोंड आवरून होते.

पूर्ण आवरलं असं नाही. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामात चुका काढायचाच मी पगार घेते, तेव्हा घरी गप्प बसणं जड जातं. एकदा जेवताना मी म्हटलं, “बाबा, तुमचं औषध करायची सोपी रीत सांगू? वुडलँड्सच्या जेट्टीवरून समुद्रात एक थेंब टाकायचा आणि बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला चांगीच्या किनाऱ्यावर जाऊन चमचाभर पाणी भरून घ्यायचं.”

बाबांनी शांतपणे वरणात लिंबू पिळलं. “हलवायचं राहिलं,” ते म्हणाले. “नुसतं पातळ करून चालत नाही, जोरात हलवावं लागतं.”

“समुद्र हलतोच की, बाबा!”

लेकीला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला. बाबाही हसले, आणि लगेच तिला ठसक्यावरच्या चार गोळ्या दिल्या.

असं हसतखेळत चाललं होतं. मग एका शनिवारी नेलकटर शोधताना मी बाबांचा ड्रॉवर उघडला. आत रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं होती, पुण्याच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांसाठी दिलेली. तीन महिने संपत आले होते आणि पाच पाकिटं तशीच भरलेली होती. मी यंत्र आणलं, बाबांच्या दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे अडुसष्ट.

“यंत्र बिघडलंय,” बाबा म्हणाले. मग नजर चुकवून म्हणाले, “मी माझं औषध घेतोय ना. दोन्ही कशाला?”

मी पुण्याला डॉक्टरांना फोन लावला. ते फोनवरच ओरडले, गोळी आजपासून सुरू करा म्हणाले. मग मी ओरडले. खूप ओरडले. सासऱ्यांशी कोणी असं बोलत नाही, आणि बोलता बोलता मला रडू आलं ते वेगळंच. नवरा समुद्रावर, सासूबाई गेलेल्या, आणि या माणसाला काही झालं तर मी काय करू? मला त्यांचा लळा लागला होता, हेही मला त्याच दिवशी नीट कळलं.

बाबांनी दंडावरचा पट्टा सोडून नीट गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, “ओरडून वजन खरं-खोटं ठरत नाही. तपासून ठरतं. तू टेस्टर ना? तपास माझ्या गोळ्या.”

तह ठरला. व्हॉइड डेकवरच्या आठही जणांची एकच तक्रार होती, झोप लागत नाही. चौघांना बाबांचं झोपेचं औषध द्यायचं, चौघांना नुसती साखर, पंधरा दिवस. तपासणी चालू असेपर्यंत बाबा रक्तदाबाची गोळी रोज माझ्यासमोर घेणार. औषध कोणाकोणाला मिळालं ते बाबांनी बरोबर ओळखलं, तर मी कुठल्याच गोळ्यांबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. नाही ओळखलं, तर रक्तदाबाची गोळी कायमची.

मला वाटलं होतं, तपासणीची शिस्त मी त्यांना शिकवीन. झालं उलटंच.

“यादी कोणाकडे राहणार?” बाबांनी विचारलं.

“माझ्याकडे.”

“छे! तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. आणि साध्या गोळ्यांवर नुसतं स्पिरिट टाकलं पाहिजे, नाहीतर वासावरून ओळखतील. माझ्या पेटीत आहे कोरं स्पिरिट.”

त्यांनी दोन बाटल्या तयार केल्या आणि नातीच्या हवाली केल्या. तिनं आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं. “आजोबा, नो पीकिंग लाह!” असं सिंगापुरी थाटात दरडावून चिठ्ठ्या टाकून कोणाला कुठली बाटली ते ठरवलं आणि आठ पुड्या भरल्या. पुड्यांवर फक्त आकडे. यादी पाकिटात, पाकिटाच्या जोडावर आम्हा तिघांच्या सह्या, त्यावर मेणबत्तीच्या मेणाचा ठिपका. पाकीट गेलं तांदळाच्या डब्यात तळाशी. बाबांचे डोळे असे चमकत होते की मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते कामावर रुजू झाले होते.

आठही जणांना बाबांनी सगळं खरं सांगितलं, तुमच्यातल्या चौघांना नुसती साखर मिळणार म्हणून. सगळ्यांनी आनंदानं होकार दिला, कारण प्रत्येकाची खात्री होती की साखर शेजारच्याला मिळणार आहे. रोज सकाळी बाबा वही घेऊन खाली जात. किती तास झोपलात, कितीदा उठलात, स्वप्न पडलं का. काकूंच्या स्वप्नांना एक पान पुरेना. मी कामाला निघताना खालून जायची तेव्हा ही आठ माणसं हसत-खिदळत असायची, आणि मधोमध बाबा चष्मा नाकावर ओढून लिहीत असायचे.

मी मात्र घाबरले होते. आठ माणसांवर काही सिद्ध होत नाही, हे माझ्या धंद्यातलं अगदी पहिलं शहाणपण. निव्वळ नशिबानं बाबांचे चारही अंदाज बरोबर आले तर? मी शब्दाची पक्की आहे आणि तेही. रागाच्या भरात मी त्यांची गोळी पणाला लावून बसले होते.

पंधराव्या दिवशी, रविवारी सकाळी, व्हॉइड डेकवर सगळे जमले. मेण शाबूत असल्याचं बाबांनी काकूंच्या यजमानांना आणि चिनी अंकलना दाखवलं, कारण पंच दोन लागतात. मग वही उघडून त्यांनी चार आकडे वाचले. सर्वांत छान झोपल्या होत्या काकू, तेव्हा त्यांचा आकडा पहिला. लेकीनं पाकीट फोडलं.

दोन बरोबर, दोन चूक. काकूंना पंधरा दिवस नुसती साखर मिळाली होती. चिनी अंकलना मिळालं होतं खरं औषध, आणि त्यांची झोप सगळ्यांत वाईट होती.

“म्हणजे मी साखरेवर घोरत होते?” काकू म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, “तीच द्या हो परत.”

एकच हशा पिकला. चिनी अंकल बाबांचा खांदा थोपटत म्हणाले, “नेव्हर माइंड, डॉक्टर. यू ट्राय ऑलरेडी, लाह.”

मी मात्र बाबांकडेच बघत होते. आत्ता जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला त्यांची मान खाली जायची भीती वाटत होती. मीच पुढे होऊन म्हटलं, “बाबा, आठ माणसांवर खरं तर काही सिद्ध होत नाही.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “पळवाट आहे ती, आणि चांगली आहे. पण खोटं वजन सापडलं की प्रत्येक दुकानदार हेच सांगायचा, साहेब, आजच काटा बिघडला बघा. मी एकालाही सोडलं नाही.” त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. “वर जा आणि पेटी घेऊन ये.”

आणि त्यांनी पंचनामा लिहिला. आम्ही खाली सही करणार पंच, असं खणखणीत आवाजात वाचत वाचत. लाकडी पेटी एक, आतील बाटल्या अठ्ठेचाळीस, मालक स्वतः निरीक्षक. काकूंच्या यजमानांनी सही केली, चिनी अंकलनी चिनी अक्षरांत केली. पेटीला सुतळी बांधून मेण लावलं आणि बाबांनी ती माझ्या हातात दिली. मान अगदी ताठ होती. मी त्यांना वाकून नमस्कार केला. नेहमी सणासुदीला करते तो रीत म्हणून, हा मनापासून होता.

पेटी आता माळ्यावर आहे आणि हिंग आपल्या जागी परत आलाय. बाबा रोज सकाळी चहाआधी रक्तदाबाची गोळी घेतात आणि मग वही घेऊन खाली जातात. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या तरी मंडळींनी वही बंद होऊ दिली नाही. कोण कसं झोपलं हे विचारणारं माणूस त्यांना हवं होतं. अंकल अजून त्यांना डॉक्टरच म्हणतात.

परवा काकूंनी काही निरोप दिला होता, तो वहीत लिहिलाय म्हणून बाबांनी मला ती उघडायला सांगितली. पानं उलटताना मी पंधरा दिवसांच्या त्या तक्त्यापाशी थांबले. त्यात आठ नव्हे, नऊ ओळी होत्या. नवव्या ओळीत नाव नव्हतं, फक्त ‘सूनबाई’. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: तीन वेळा उठली. दुसऱ्या दिवशी: चार वेळा, चहात साखर दोनदा टाकली. औषधाच्या रकान्यात पहिल्याच दिवशी लिहिलेलं होतं: मी रक्तदाबाची गोळी घेणे, रोज सकाळी एक.

पुढची पानं मी भराभर उलटली. पंचनाम्यानंतरही नववी ओळ चालूच होती. त्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं: सलग सात तास. गुण आला.