बाईसाहेबांनी दार लावून घेतलं

आमच्या ह्यांनी तेहतीस वर्षांत लोकांची किती दारं उघडून दिली, त्याची मोजदाद नाही. किल्ल्या बनवायचं त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोबण. आत ते, एक स्टूल आणि किल्ली घासायचं मशीन. चौथं काही आलं तर ह्यांना बाहेर यावं लागतं. स्वभाव म्हणाल, तर तोंडाला कायमचं कुलूप, आणि त्या एकाच कुलपाची किल्ली करायची राहून गेलेली.

धंद्यात त्यांचा एक नियम आहे, आणि त्या नियमापायी मी डोकं फोडून घ्यायची तेवढी बाकी आहे. कुलूप बाहेरून असेल तर लगेच उघडायचं. आतून कडी असेल तर आधी हाक मारायची आणि पायरीवर बसून राहायचं. आतल्या माणसाने काही कारणानेच दार लावलेलं असतं म्हणे. एकदा एका बाईंनी घाबऱ्या घाबऱ्या बोलावलं, नवरा दार उघडत नाही म्हणून. ह्यांनी हाक मारली आणि बसले. बाई बोटं मोडतायत, शेजारी जमलेत, आणि हे ढिम्म. पंधरा मिनिटांनी नवरोबा मिशीला चॉकलेट लावून बाहेर आले. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, म्हणून आत बसून अख्खा केक एकट्याने संपवला होता.

हाच नियम ह्यांनी घरातही लावला. लेक सोळा वर्षांची असताना माझ्याशी भांडून खोलीत गेली आणि कडी घातली. मी म्हटलं, "अहो, आणा तुमची हत्यारं." ह्यांनी आणलं स्टूल. दाराबाहेर चार तास बसले. शेवटी भुकेने ती बाहेर आली, तर म्हणाले काय, "जेवून घे." जगाची कुलपं उघडणाऱ्या माणसाला घरातलं एक दार उघडता येऊ नये? आठवडाभर मी दोघांशी बोलले नाही.

तीच लेक दोन वर्षांपूर्वी दूरच्या शहरात प्राणिसंग्रहालयात नोकरीला लागली, साप-विंचवांच्या विभागात. मी बोलून गेले, "एवढं शिकून सरड्यांची दाई होणार का?" शब्दाने शब्द वाढला. ती गेली, आणि जाताना तिची टॅरंटुला आमच्या गळ्यात मारून गेली, कारण तिच्या भाड्याच्या खोलीत प्राणी चालत नाहीत. टॅरंटुला म्हणजे तळहाताएवढा केसाळ कोळी. ही मादी. मी तिला बाईसाहेब म्हणते, कारण काचेच्या पेटीत आडव्या ठेवलेल्या अर्ध्या कुंडीत बसून राहायचं आणि आठवड्याला एक झुरळ आयतं खायचं, एवढंच तिचं काम. "अशा वीस-वीस वर्षं जगतात," हे कौतुकाने म्हणाले. म्हटलं, म्हणजे मला पोचवूनच जाणार.

तेव्हापासून दर रविवारी अकराला लेकीचा फोन येतो, बाबांच्या मोबाइलवर. खाल्लं का, पाणी ठेवलंत का, सगळी चौकशी कोळ्याची. माझं नाव नाही. मी स्वयंपाकघरातला नळ बंद करून उभी राहते, म्हणजे पलीकडचा आवाज थोडा तरी कानावर पडतो.

आणि एके दिवशी बाईसाहेबांनी झुरळाकडे पाठ फिरवली. मग दोन दिवस खपून कुंडीच्या तोंडाशी माती रचली, वरून जाळ्याचं लिंपण केलं आणि आत गडप झाल्या. आठवडा गेला, दोन गेले, सहा गेले. रविवारच्या फोनवर हे नुसतं "बरं, बरं, नाही उघडत" म्हणाले. काय झालं विचारलं तर उत्तर, "राहू दे म्हणाली." लेकीला विचारावं तर माझा ताठा आड येत होता. पण खोटं कशाला बोलू, दिवसातून दहादा पेटीत डोकावत होते. कोळी मेला तर रविवारचा फोन कशासाठी येणार होता?

सातव्या आठवड्यात, हे दुकानात गेल्यावर, मी पेटीचं झाकण काढलं आणि क्रोशाच्या सुईने त्या मातीला भोक पाडलं. टॉर्च मारला. बाईसाहेब उताण्या पडलेल्या, आठही पाय वर.

जिला बघून अंगावर काटा यायचा, तिच्यासाठी ढसाढसा रडले. मनात आलं, भोक बुजवावं आणि मूग गिळून गप्प बसावं. पण मग दर रविवारी ह्यांनी लेकीला काय सांगायचं? मी माझा मोबाइल घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिचा नंबर लावला.

"तुझी बाईसाहेब गेली गं," मी म्हटलं. "मी दार फोडून पाहिलं. पाठीवर पडलीय."

ती म्हणाली, "पाय पोटाशी मुडपलेत की पसरलेत?"

"पसरलेत."

"मग हात लावू नकोस, आई. मेलेली नाही ती, कात टाकतेय. उताणं होऊनच टाकतात. मरताना पाय आत घेतात."

माझ्या जिवात जीव आला, आणि लगोलग रागही. "मग हे दार लावून बसायचं नाटक कशाला?"

"जुनं कातडं निघालं की अंग लोण्यासारखं असतं. दातसुद्धा मऊ. तेव्हा साधं झुरळही तिला कुरतडेल. म्हणून आधीच दार लिंपून घेते." मग म्हणाली, "रागावलेली नसते गं."

"आता मी काय करू?"

"काही नको. पेटीला धक्का लावू नकोस. बस नुसती."

मी स्टूल ओढून पेटीसमोर बसले. फोन तिने ठेवला नाही, मग मी कशाला ठेवतेय.

एक वाजता हे जेवायला आले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग कानाला लावलेल्या फोनकडे, मग त्या भोकाकडे. "हाक मारली होतीस का?" एवढंच विचारलं. मी डोळे वटारले, तसे हात धुवायला आत गेले.

त्यांचा आवाज तिकडे पोचला असावा. लेक हसली. "त्या दिवशी मला दाराखालून स्टुलाचे पाय दिसत होते," ती म्हणाली. "तू कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात. भांडी आपटत होते."

"ते ऐकू येत होतं." मग हळूच, "आणि आता?"

"आता बसलेय."

भोकातून दिसत होतं, मोज्यातून निघावा तसा एकेक पाय जुन्या पायातून सुटत होता. मी तिला सांगत होते, ती विचारत होती. मध्येच तिचा आवाज इतका बारीक झाला की नळाच्या आवाजात मला काही कळेना. मी फोन कानाशी घट्ट धरला. ह्यांनीच आत, साबणाचे हात तसेच ठेवून, नळ बंद केला.