डोंगरापलीकडची पाच घरं

अनुजा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे कॅनडात, ब्रॉसार्डच्या एका गॅरेजमध्ये विंटर टायर्स लावून घेत होते. स्क्रीनवर तिचंच नाव होतं, म्हणून हसतच फोन उचलला. पलीकडून तिचे बाबा बोलले. "मधुरा, बेटा... अनुजा आज सकाळी गेली." मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. विंडसरच्या हॉस्पिटलात दोन दिवस होती, पण शुद्धीवर आलीच नाही. चोवीस वर्षांची होती. त्याला आता सहा आठवडे झाले. या दिवसांत तिच्याबद्दल भरभरून बोलणारे पुष्कळ भेटले. मला मात्र ती गोष्ट सांगायची आहे जी तिने कधीच कुणाला सांगितली नाही... कारण त्या गोष्टीत वाईट वागलेली मी होते.

आमची ओळख ओंटारिओतल्या युनिव्हर्सिटीत झाली. बाराव्या वर्षी ती नागपूरहून कॅनडात आली होती. इंग्लिश अगदी इथलं, पण मराठी सुरू झालं की थेट नागपूर. २०१६च्या उन्हाळ्यात सार्वजनिक आरोग्याच्या कोर्ससाठी आम्ही दोघी आठ आठवडे लेसोथोला गेलो. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा डोंगराळ देश, आणि कॅनडात उन्हाळा असतो तेव्हा तिथे कडाक्याचा हिवाळा. आमचं काम ऐकायला सोपं होतं. घरोघरी जाऊन फॉर्म भरायचे : घरात कोण कोण, वय काय, लहान मुलं किती, लसी झाल्या का, पाणी कुठून आणता, कुणाला खोकला आहे का.

शेवटच्या आठवड्यात डोंगरापलीकडची पाच घरं उरली, माझ्या वाटणीची. गावच्या आरोग्यसेविका मालिनेओबाई एरवी वाट दाखवायला यायच्या, पण त्यांचा गुडघा सुजला होता. मी एकटीच निघाले. अर्ध्या वाटेवर बर्फ लागला, बूट सटकायला लागले आणि मी घाबरले. गुरांच्या वाड्याच्या दगडी भिंतीआड बसून पाचही फॉर्म मनाने भरले. लहान मुलं : नाहीत. खोकला : नाही. आणि खाली आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुजा लॅपटॉपवर माहिती भरत होती. भरता भरता थांबली.

"पाची घरी म्हातारीचं वय साठच आहे काऊन गं?"

मी उगाच दुसरे फॉर्म चाळायला लागले.

"मधुरा, तू गेलीच नाही ना तिथे?"

"अगं, स्टुडंट सर्व्हे आहे हा! कोण वाचणार आहे?" मी ओरडले. "बर्फ होता. पाय मोडला असता तर?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने पाच कोरे फॉर्म काढून पिशवीत ठेवले. "उद्या सकाळी सातला निघू," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी आम्ही तीन तास चढलो. ती पुढे, मी मागे. पहिली तीन घरं ठीक होती. चौथ्या घरात अंधारात एक आजी बसली होती, आणि तिच्याशेजारी गोधडीत चारेक वर्षांची मुलगी. मनगटं काडीसारखी. कित्येक आठवड्यांचा खोकला, आजीने खुणांनी सांगितलं. माझ्या फॉर्मवर त्या घरात मूलच नव्हतं.

दवाखाना चारला बंद होणार, मग थेट सोमवारी उघडणार. आजीला चालवत नव्हतं. तिने पोरीला अनुजाच्या पाठीशी बांधून दिलं, तिकडच्या बायका बांधतात तसं. धुकं उतरत होतं. मी पुढे होऊन काठीने बर्फ चाचपत होते आणि मागून तो खोकला ऐकत होते. मध्येच तो थांबला. मी वळून पाहिलं. "चल, थांबू नको," अनुजा म्हणाली, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. काही पावलांनी पुन्हा खोकला आला आणि मला रडू फुटलं. आम्ही पोचलो तेव्हा नर्स कुलूप लावत होती. अनुजा तिच्याकडे पाठ वळवून उभी राहिली. नर्सने मुलीचा श्वास ऐकला, कुलूप काढलं आणि जिल्ह्याच्या हॉस्पिटलला गाडीसाठी फोन लावला.

टीबी निघाला. औषधं सुरू झाली, आणि पानगळीच्या दिवसांत मालिनेओबाईंचा निरोप आला की पोरगी भरपूर खाते, अंगणात पळते.

त्याच आठवड्यात वर्गात आमचं प्रेझेंटेशन होतं. ती मुलगी सापडली ते घर माझ्या वाटणीचं, म्हणून प्रोफेसर बाईंनी माझंच कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. आता अनुजा बोलेल, या धास्तीने मी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे वायर गुंडाळत होती. तास संपल्यावर मीच बाईंच्या ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. माझे मार्क गेले. बाहेर अनुजा थांबली होती.

"तू का नाही सांगितलंस?"

"ते तुझं होतं. मी काऊन सांगू?" ती म्हणाली. "चल, जेवून घेऊ."

पुढे विंडसरमध्ये ती लसीकरणाच्या कामाला लागली. दिवसभर अपार्टमेंटची दारं ठोठावायची. मागच्या वर्षी फोनवर तिने सांगितलं होतं, "दार वाजवलं की मी शंभर मोजते. म्हाताऱ्या माणसाला उठायला वेळ लागते ना."

तिच्या आईवडिलांना भेटायला गेले तेव्हा मी बेल वाजवली. आत काही हललं नाही. काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. गाडी समोरच होती, निघून गेले असते तरी कुणाला कळलं नसतं. मी मोजायला लागले... ब्याऐंशीला काकूंनी दार उघडलं.